दोस्तोव्हस्कीचे हरवलेले तास

रशियन कादंबरीचा विषय निघाला की टॉल्स्टॉय आणि दोस्तोव्हस्की ही दोन नावे जोडीनेच घेतली जातात. टॉल्स्टॉय उमराव घराण्यातला, हजारो एकर जमिनीचा मालक. दोस्तोव्हस्की गरिबांच्या इस्पितळातील डॉक्टरचा मुलगा, आयुष्याचा बराच काळ कर्जात बुडालेला आणि तीस वर्षे फेफऱ्याची सोबत केलेला. त्याच्या कादंबऱ्यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. वर्गात त्याचे नाव निघते तेव्हा पाप, पश्चात्ताप, मानवी मन असे मोठे शब्द आपण वहीत उतरवून घेतो. आजाराचा उल्लेख मात्र एका ओळीत आटोपतो. त्या एका ओळीबद्दलच मला लिहायचे आहे. का, ते पुढे येईलच.

फ्योदोर मिखाइलोविच दोस्तोव्हस्कीचा जन्म ११ नोव्हेंबर १८२१ रोजी मॉस्को येथे झाला. वडील मारिन्स्की इस्पितळात डॉक्टर होते आणि कुटुंब त्याच आवारात राहत असे. खिडकीतून बाहेर पाहिले की गरीब रोगी दिसत. आई १८३७ साली क्षयाने गेली. मुलाला पीटर्सबर्गच्या लष्करी अभियांत्रिकी विद्यालयात घालण्यात आले. तेथे तो परीक्षा पास झाला, पण मन नकाशांत रमले नाही. १८४४ साली त्याने नोकरीचा राजीनामा दिला. १८४६ साली 'पुअर फोक' ही पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली आणि बेलिन्स्कीसारख्या करड्या टीकाकाराने तिची मुक्तकंठाने स्तुती केली. चोविशीतला तरुण एका रात्रीत प्रसिद्ध झाला!

प्रसिद्धी फार टिकली नाही. पेत्राशेव्हस्की नावाच्या गृहस्थाच्या घरी काही तरुण जमत, बंदी असलेली पुस्तके वाचत, भूदासांच्या मुक्तीची चर्चा करीत. दोस्तोव्हस्की त्यांपैकी एक होता. एप्रिल १८४९ मध्ये सर्वांना अटक झाली. २२ डिसेंबर १८४९ च्या कडाक्याच्या थंडीत त्यांना सेम्योनोव्हस्की चौकात आणून मृत्युदंड वाचून दाखवण्यात आला. पहिल्या तिघांना खांबांना बांधले. दोस्तोव्हस्की दुसऱ्या तिघांत होता. शिपायांनी बंदुका रोखल्या आणि ऐन वेळी झारची माफी जाहीर झाली. हे सारे नाटक आधीच ठरलेले होते. त्या चौकात एका कैद्याचे डोके कायमचे फिरले. दोस्तोव्हस्कीची रवानगी सैबेरियात, ओम्स्कच्या तुरुंगात झाली. चार वर्षे सक्तमजुरी, पायात बेड्या, वाचायला फक्त बायबलचा नवा करार.

वीस-बावीस वर्षांनी त्याच्या कादंबऱ्यांत जे दिसते त्याचे मूळ येथे आहे असे समीक्षक सांगतात, आणि ते खरेही असेल. पण ओम्स्कमध्ये आणखी एक गोष्ट घडली. त्याला उघड उघड झटके येऊ लागले. तसे पीटर्सबर्गला असतानाच त्याच्या एका डॉक्टर मित्राने एक झटका पाहिला होता. तथापि पुढे १८५७ साली त्याच्या पलटणीच्या डॉक्टरने जो दाखला दिला त्यात पहिला झटका १८५० सालचा नोंदला आहे. किंकाळी, शुद्ध हरपणे, हातापायांचे व चेहऱ्याचे आचके, तोंडाला फेस, घरघर आणि नंतर गळून जाणे, असे त्या दाखल्याचे कोरडे वर्णन आहे. ज्या कोणी आपल्या घरात हे पाहिले असेल त्याला रशियन भाषा येण्याची गरज नाही.

तुरुंगातून सुटल्यावर शिक्षेचा भाग म्हणून त्याला सैन्यात साधा शिपाई व्हावे लागले. तेथे मारिया इसायेवा ही विधवा त्याला भेटली. फेब्रुवारी १८५७ मध्ये त्यांचे लग्न झाले. लग्न करून परतताना बार्नौल गावी मुक्काम पडला असता त्याला जबरदस्त झटका आला. नवी नवरी भीतीने गारठली. तेथल्या डॉक्टरने स्पष्ट सांगितले की हे अस्सल फेफरे आहे. तोपर्यंत डॉक्टर त्याची समजूत काढीत आले होते की हा नसांचा साधा त्रास आहे, राहणी बदलली की जाईल. त्याने भावाला पत्र लिहून कळवले की हे आधी नक्की ठाऊक असते तर आपण लग्नच केले नसते. त्या संसारात दोघांनाही सुख लाभले नाही. मारिया १८६४ साली क्षयाने वारली. त्याच वर्षी पाठीराखा थोरला भाऊ मिखाइलही गेला आणि त्याचे कर्ज व कुटुंब दोस्तोव्हस्कीच्या अंगावर पडले.

येथे थोडे थांबून शब्दाविषयी बोलते. आपण फेफरे, फिट, मिरगी, आकडी असे काहीही म्हणतो. आयुर्वेदातील शब्द आहे अपस्मार. स्मर म्हणजे स्मृती, आणि ती निघून जाणे म्हणजे अपस्मार. चरकाने या रोगाची व्याख्या करताना स्मृती ढळणे आणि अंधारात शिरल्यासारखे होणे यांवर भर दिला आहे. मला हे फार नवलाचे वाटते. बघणाऱ्याला दिसतात ते आचके आणि फेस. शब्द घडवणाऱ्याने मात्र रोग्याच्या बाजूने पाहिले. रोग्याला आचके कळतच नाहीत. त्याला कळते ते एवढेच, की मधला काही वेळ नाहीसा झाला आहे आणि समोरचे जग पुन्हा ओळखून घ्यायचे आहे.

दोस्तोव्हस्कीच्या चरित्रात हे पुन्हा ओळखून घेणे जागोजाग भेटते. १८६६ साली 'क्राइम अँड पनिशमेंट' मासिकातून क्रमशः येत होती, तरी तो पैशाच्या पेचात होता. स्टेलोव्हस्की या प्रकाशकाशी त्याने असा करार केला होता की १ नोव्हेंबरपर्यंत नवी कादंबरी न दिल्यास पुढील नऊ वर्षांचे लेखन प्रकाशकाला फुकट छापता येईल. महिना उरला, हातात एक पानही नव्हते. तेव्हा मित्रांच्या सल्ल्याने त्याने लघुलेखन जाणणारी मुलगी बोलावली. तिचे नाव अ‍ॅना ग्रिगोर्येव्हना स्निटकिना, वय वीस. ४ ऑक्टोबरला ती कामावर आली. पहिल्याच भेटीत त्याने तिला सांगून टाकले की आपल्याला फेफरे येते आणि नुकताच एक झटका येऊन गेला आहे. मग तिचे नाव विचारले आणि लगेच विसरला. सव्वीस दिवसांत 'द गॅम्बलर' सांगून पूर्ण झाली.

पुढची हकीकत अनेकांना ठाऊक असेल. नोव्हेंबरात त्याने तिला एका नव्या कादंबरीचे कथानक ऐकवले. म्हातारपणाकडे झुकलेला, आजारी, कर्जबाजारी असा एक कलावंत आणि एक तरुण मुलगी. अशा माणसावर ती मुलगी प्रेम करू शकेल, हे पटण्यासारखे आहे का, असे त्याने विचारले. अ‍ॅनाला कथानक कळले आणि तिने होकार दिला. मला या प्रसंगात मागणीच्या चातुर्यापेक्षा एक गोष्ट महत्त्वाची वाटते. त्या कथानकातून त्याने आजार वगळला नव्हता. पहिल्या लग्नाच्या वेळी त्याला स्वतःलाच सत्य नीट माहीत नव्हते. या वेळी त्याने ते आधी सांगितले आणि मगच विचारले.

१५ फेब्रुवारी १८६७ ला लग्न झाले. थोड्याच दिवसांनी अ‍ॅनाच्या बहिणीच्या घरी गप्पा चालल्या असता बोलता बोलता त्याचा शब्द अर्धवट तुटला आणि तो किंकाळी फोडून कोसळला. बहीण घाबरून ओरडत पळाली. अ‍ॅनाने त्याला धरले, पण वजन पेलवेना, तेव्हा तीही त्याच्याबरोबर जमिनीवर बसली आणि त्याचे डोके मांडीवर घेऊन राहिली. शुद्ध आली तेव्हा त्याला धड शब्द उच्चारता येत नव्हते. तासाभरात दुसरा झटका आला. आपल्या प्रिय माणसाला वेड तर लागणार नाही ना, या भीतीने तिने ती रात्र काढली. सकाळी तो पुन्हा दोस्तोव्हस्की झालेला होता.

कर्जदारांच्या तगाद्याने ते दोघे एप्रिल १८६७ मध्ये परदेशी गेले आणि चार वर्षे ड्रेस्डेन, बाडेन-बाडेन, जिनीव्हा, फ्लॉरेन्स असे हिंडत राहिले. तो जुगारात अंगठ्याच काय, बायकोचे कपडेही गहाण टाकून हरला. ते सारे चरित्रकारांनी चवीने लिहिले आहे, म्हणून मी त्यात शिरत नाही. जिनीव्हातील एक रात्र मात्र सांगायला हवी. १८६८ सालच्या हिवाळ्यात अ‍ॅनाला कळा सुरू झाल्या. नेमका त्याच रात्री त्याला झटका येऊन गेला होता. तिने त्याला हलवले, पण त्याला काही उमजेना. मग ती बिचारी एकटीच कळा सोसत सकाळची वाट पाहत पडून राहिली. ती रागावली नाही. तो जवळच होता, पण त्या वेळी तो घरी नव्हता, हे तिने ओळखले होते. ती मुलगी सोन्या अवघ्या तीन महिन्यांची होऊन वारली.

झटका दोन-चार मिनिटांचा, पण त्यामागून येणारे धुके दिवसेंदिवस राही. तो उदास होई. आपल्या हातून एखादा मोठा अपराध झाला आहे असे विनाकारण वाटत राही. वहीत तो झटक्यांची नोंद ठेवी: तारीख, वेळ, हवा, चंद्राची कला आणि नंतर डोके किती दिवस जड राहिले ते. वय वाढले तसे धुके निवळायला अधिक दिवस लागू लागले. सरासरी महिन्याला एक झटका, कधी आठवड्यात दोन, कधी तीन-चार महिने काहीच नाही.

या धुक्यात काय काय हरवत असे! 'द डेव्हिल्स' लिहिताना पात्रांची नावेसुद्धा आठवेनात, म्हणून त्याला स्वतःच लिहिलेले पुन्हा वाचून काढावे लागे. रस्त्यात भेटलेली माणसे ओळखू येत नसत. लोक समजत की मोठा लेखक झाल्यामुळे याला गर्व चढला. त्यातून अनेक जण उगाच दुखावले गेले. परदेशातील वास्तव्यात एकदा एका सरकारी कागदासाठी कचेरीत त्याला बायकोचे माहेरचे नाव विचारले. ते काही केल्या आठवेना! कारकून संशयाने पाहू लागला. शेवटी तो घरी आला, तिलाच तिचे नाव विचारले आणि परत कचेरीत गेला. ही गोष्ट अ‍ॅनाने हसत हसत सांगितली आहे. पण ज्याला आठवत नव्हते त्याला त्या कचेरीत हसू आले असेल असे मला वाटत नाही.

आता मी हे का लिहिते आहे ते सांगते. मला फेफरे येते. लहानपणी मोठे झटके येत. तेव्हा नाकाला कांदा लावला, चपलेचा वास दिला, भगताकडून गंडा बांधून आणला, शेजारणींनी बाहेरची बाधा ठरवली. आईवडील दुसऱ्याच्या शेतावर राबणारे, घरात सातवीच्या पुढे कोणी गेलेले नाही, त्यांना जे माहीत होते ते त्यांनी मनापासून केले. मी आठवीत असताना सरकारी दवाखान्यातून पहिल्यांदा गोळ्या मिळाल्या. त्यानंतर पडणे थांबले. उरले ते लहान झटके, आणि त्यांत मी पडत नाही, म्हणून ते कोणाला दिसत नाहीत. वाचनालयात बसले असते आणि एकाएकी समोरची अक्षरे अक्षरे वाटेनाशी होतात. तेच टेबल, तीच खिडकी, पण कोणाच्या तरी परक्या घरात चुकून शिरल्यासारखे वाटते. शेजारी बसलेल्या मैत्रिणीचा चेहरा दिसतो, ही आपली कोणीतरी आहे एवढे कळते, पण नाव येत नाही. ती विचारते त्याला मी भलतेच उत्तर देते. मिनिट-दीड मिनिट. मग जग एकेक करून आपापल्या जागी येऊन बसते. तेवढ्यात प्राध्यापकांनी प्रश्न विचारला तर मी उभी राहून नुसती बघत राहते, आणि वर्गात खसखस पिकते.

हे असे का होते? मेंदूतील पेशींचे काम विजेच्या अगदी सूक्ष्म प्रवाहांवर चालते. फेफऱ्यात हे प्रवाह काही काळ बेताल होतात. सगळा मेंदू त्यात ओढला गेला तर माणूस कोसळतो. कानशिलामागच्या, स्मृतीशी संबंध असलेल्या भागापुरताच गोंधळ राहिला तर माणूस उभाच असतो, पण ओळखीचे अनोळखी किंवा अनोळखी ओळखीचे वाटू लागते. लंडनच्या जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन या डॉक्टरने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या अवस्थेचा अभ्यास करून तिला स्वप्नासारखी अवस्था म्हटले. त्याच्या रोग्यांत एक जण स्वतः डॉक्टर होता. त्याने असल्याच झटक्यात एका रोग्याची छाती तपासली, निदान लिहून ठेवले आणि शुद्धीवर आल्यावर त्यातले काही त्याला आठवेना. पुन्हा तपासले तर निदान बरोबर निघाले! ही हकीकत वाचल्यावर मला फार धीर आला.

दोस्तोव्हस्कीच्या नशिबी औषध जवळजवळ नव्हतेच. फेफऱ्यावर ब्रोमाइडचा उपयोग १८५७ साली लंडनमध्ये प्रथम मांडला गेला, फिनोबार्बिटल १९१२ मध्ये आले आणि फिनिटॉइन १९३८ मध्ये. मेंदूतील विजेचा आलेख काढण्याचे तंत्र हान्स बर्गरने १९२९ साली प्रसिद्ध केले. म्हणजे मला दवाखान्यात फुकट मिळते ती गोळी रशियाच्या या थोर लेखकाला कोणत्याही किमतीत मिळाली नसती. फ्रॉइडने १९२८ साली लेख लिहून त्याचे झटके मनाच्या गुंत्यातून, वडिलांविषयीच्या अपराधी भावनेतून येत असे प्रतिपादले. पुढच्या मेंदुतज्ज्ञांना ते सहसा पटले नाही. घरातलाच एक पुरावा त्या मताविरुद्ध जातो. तो पुरावा फार दुःखद आहे.

त्याचा धाकटा मुलगा अल्योशा मे १८७८ मध्ये सारखे झटके येऊन गेला. अजून तीन वर्षांचाही झाला नव्हता. मुलाला मरण आपल्याकडून वारशाने मिळाले, या विचाराने बाप खचला. अ‍ॅनाच्या आग्रहावरून तो ओप्टिना येथील मठात जाऊन आला आणि मग 'द ब्रदर्स कारामाझोव्ह' लिहू लागला. कादंबरीच्या नायकाला त्याने अल्योशा हेच नाव दिले. त्यात एक खेडवळ बाई मठातील साधूपुढे आपल्या गेलेल्या लहानग्यासाठी रडते. त्या मुलाचे नाव आणि वय अल्योशाचेच आहे, आणि तिच्या विलापात अ‍ॅनाचे शब्द आहेत. त्याच कादंबरीत स्मेर्ड्याकोव्ह हा खुनी फेफऱ्याचे सोंग घेतो. 'द इडियट'मधला प्रिन्स मिश्किन हा सर्वांत निर्मळ माणूसही फेफऱ्याचा रोगी आहे. झटक्यापूर्वी काही क्षण दोस्तोव्हस्कीला जो विलक्षण आनंद होत असे तो त्याने मिश्किनला देऊन टाकला. सज्जन आणि दुर्जन दोघांनाही त्याने आपला रोग वाटून दिला. रोग म्हणजे दैवी देणगी नव्हे आणि पापाची शिक्षाही नव्हे, हे याहून स्पष्ट कसे सांगणार? काही लेखक म्हणतात की फेफऱ्यामुळे तो मोठा लेखक झाला. मला ते पटत नाही. मला तो आनंदाचा क्षण कधी आला नाही, फक्त धुके आले. त्याच्याकडेही धुकेच जास्त होते. त्या धुक्यातून परत येऊन त्याने दर वेळी वही उघडली, हे त्याचे मोठेपण आहे.

जून १८८० मध्ये मॉस्कोत पुश्किनच्या पुतळ्याच्या समारंभात त्याच्या भाषणाने लोक अक्षरशः वेडे झाले. त्यानंतर आठ महिन्यांतच, ९ फेब्रुवारी १८८१ रोजी, फुप्फुसातून रक्तस्राव होऊन तो वारला. फेफऱ्याने त्याचा जीव घेतला नाही. अंत्ययात्रेला पीटर्सबर्गचे रस्ते माणसांनी भरून गेले होते.

हा लेख मी आईला वाचून दाखवला. तिला वाचता येत नाही. माझा आजार बाहेर कळू द्यायचा नाही, पुढे लग्नाचे कसे, असे ती आजवर मला बजावत आली आहे. सगळे ऐकून तिने एकच विचारले, की ती बाई शेवटपर्यंत राहिली का. मी सांगितले की राहिली. पस्तिशीत विधवा झाली, पुन्हा लग्न केले नाही, नवऱ्याची पुस्तके स्वतः छापून विकली, कागदपत्रे सांभाळली आणि १९१८ साली वारली. आई थोडा वेळ गप्प बसली आणि मग लेख द्यायला हरकत नाही म्हणाली.

आईची भीती खोटी नाही. हिंदू विवाह कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीने वारंवार फेफरे येणाऱ्या व्यक्तीला विवाहाच्या अटीतच अडवले होते. ते शब्द १९९९ साली कायद्यातून काढून टाकण्यात आले. कायद्यातून गेलेले शब्द लोकांच्या मनातून जायला वेळ लागतो. तो वेळ थोडा कमी व्हावा, एवढ्यासाठी मी माझ्या नावाने हे छापायला दिले आहे.

शेवटी माझ्या वर्गबंधूभगिनींना व गुरुजनांना एक विनंती. कोणाला मोठा झटका आलेला दिसला तर कांदा, चप्पल, चमचा यांपैकी काही आणू नका आणि तोंडात काही घालू नका. आजूबाजूच्या वस्तू दूर करा, कुशीवर वळवा, घड्याळ पहा, पाच मिनिटांहून अधिक वेळ गेला तर दवाखान्यात न्या. आणि माझ्यासारखी कोणी वाचनालयात एकाएकी परक्यासारखी बघू लागली, तर हसू नका. थोडा वेळ शेजारी बसा. तिला तिचे नाव सांगा, मग तुमचे सांगा. बहिणीच्या घरी अ‍ॅना जमिनीवर बसली, तेवढेच पुरे असते.